प्रथिन वर गेलं की खाली, आणि कुठल्या वाटेनं? ध्रुवीय पेशींवरचे प्रयोग, पायरीपायरीने

दरवर्षी एक तरी विद्यार्थी कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाच्या खोलीतून धावत येतो. फोटोत पेशींच्या वरच्या कडेला हिरवी रेघ चमकत असते. "मॅडम, आपलं प्रथिन एपिकल आहे!" मी विचारते, "तिथं पोचलं कसं?" मग शांतता.

पुण्याहून निघालेला माणूस संध्याकाळी कोल्हापुरात दिसला, एवढ्यावरून तो थेट गाडीनं आला की साताऱ्याला गाडी बदलून, हे कळत नाही. प्रथिनाचंही तसंच आहे. ते कुठे आहे हा एक प्रश्न, कुठून गेलं हा दुसरा, आणि दोन्हींचे प्रयोग वेगळे. हा लेख मुख्यतः दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. पण पहिल्याचं उत्तर पक्कं नसेल तर दुसऱ्याला हात घालू नये, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पार्श्वभूमी थोडक्यात. अभिस्तर ऊतीतल्या पेशीचं पेशीपटल दोन हिश्श्यांत वाटलेलं असतं, म्हणून तिला ध्रुवीय म्हणतात. आतड्याच्या पेशीची वरची, म्हणजे एपिकल बाजू अन्नाकडे, तर खालची आणि कडेची, म्हणजे बेसोलॅटरल बाजू रक्ताकडे. मधे शेजारच्या पेशींना घट्ट जोडणारा टाइट जंक्शनचा पट्टा. सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत घेणारा वाहक वर बसतो, सोडियम बाहेर फेकणारा सोडियम-पोटॅशियम पंप खाली. जुलाबात आपण साखर-मिठाचं पाणी देतो, ते या मांडणीच्याच जोरावर उपयोगी पडतं. पंप आणि वाहक एकाच बाजूला आले असते, तर ग्लुकोजबरोबर मीठ आणि पाणी रक्ताकडे सरकलंच नसतं.

प्रथिनं आपापल्या बाजूला पोचतात त्या वाटा ढोबळमानाने तीन. पहिली थेट: गॉल्जीत (नव्या मालाची छाननी करणारा भाग) किंवा एंडोसोममध्ये (आत ओढलेल्या मालाची पिशवी) वर्गवारी होते आणि माल सरळ योग्य बाजूला जातो. दुसरी वळशाची: प्रथिन आधी एका बाजूला उतरतं, तिथून आत ओढलं जातं आणि पेशी ओलांडून दुसऱ्या बाजूला जातं. याला ट्रान्ससायटोसिस म्हणतात. तिसरीत प्रथिन दोन्ही बाजूंना सोडलं जातं, पण एकाच बाजूला त्याला धरून ठेवणारं कुणी असतं; दुसऱ्या बाजूचं परत आत ओढलं जातं. अंतिम चित्र तिन्हींत अगदी सारखं दिसू शकतं. हिरवी रेघ इथेच फसवते.

पायरी पहिली: पेशी निवडा, आणि ती निवड का केली ते लिहून ठेवा

बहुतेकांचा हात एमडीसीकेकडे जातो, आणि ते बरोबर आहे. १९५८ साली मॅडिन आणि डार्बी यांनी एका कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या मूत्रपिंडातून या पेशी वेगळ्या केल्या. १९७८ मध्ये रॉड्रिग्ज-बूलान आणि सबातिनी यांनी दाखवलं की या पेशींना इन्फ्लुएंझाचा संसर्ग झाला तर विषाणू वरच्या बाजूनं बाहेर पडतात आणि व्हीएसव्ही या गुरांच्या विषाणूचा झाला तर खालच्या. विषाणूंची आवरण-प्रथिनं पेशीच्याच यंत्रणेनं वाहिली जातात, त्यामुळे वर्गवारी अभ्यासायला दोन तयार नमुने हाती आले. आजही आमच्या प्रयोगांत ही दोन प्रथिनं हजेरीपटावर असतात.

पण एमडीसीके म्हणजे सगळ्या पेशी नव्हेत. तिथे एपिकल प्रथिनं बहुधा थेट वर जातात. यकृताच्या पेशीत गोष्ट उलटी. १९८७ मध्ये बार्टल्स, हबर्ड आणि सहकाऱ्यांनी जिवंत उंदरांच्या यकृतात किरणोत्सारी मेथिओनिन (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) वापरून नव्या प्रथिनांचा माग काढला. पित्ताकडच्या बाजूला राहणारी प्रथिनं सुमारे ४५ मिनिटांनी आधी रक्ताकडच्या बाजूला दिसली आणि मगच पित्ताकडे सरकली. तेही सगळी नाहीत: पित्तक्षार बाहेर टाकणारा पंप आणि त्याचे नातलग वाहक गॉल्जीतून रक्ताच्या बाजूला न जाता पित्तनलिकेकडे जातात. आतड्याच्या काको-२ पेशी या दोहोंच्या मधल्या, काही प्रथिनं थेट तर काही वळशानं. फिशर उंदराच्या थायरॉइडपासून केलेल्या एफआरटी पेशींत तर जीपीआय या स्निग्ध नांगरानं पटलाला बांधलेली बरीच प्रथिनं खाली जातात, जी एमडीसीकेमध्ये वर जातात. सोडियम-पोटॅशियम पंप मूत्रपिंडात खाली, पण डोळ्याच्या दृष्टिपटलामागच्या रंगद्रव्य पेशींत वर.

म्हणून तुमचं प्रथिन ज्या ऊतीत खरोखर काम करतं, तिच्या जवळची पेशी निवडा. एमडीसीके सोपी आहे म्हणून यकृताच्या प्रथिनाची वाट तिच्यात शोधली, तर जे उत्तर मिळेल ते कुत्र्याच्या मूत्रपिंडाचं असेल. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशी-संग्रहातून पेशी मागवता येतात, पण त्या कुठूनही आणल्या तरी प्रकार, क्लोन (एकाच पेशीपासून वाढलेला वंश) आणि पॅसेज क्रमांक (पेशी किती वेळा नव्या भांड्यात हलवल्या) वहीत लिहा. १९९०च्या सुमारास दोन गटांनी एमडीसीकेतच सोडियम-पोटॅशियम पंपाची वाट तपासली. एकाला तो दोन्ही बाजूंना उतरून खाली टिकताना दिसला, दुसऱ्याला थेट खाली जाताना. बराच वाद झाला. दोघांकडचे क्लोन वेगळे होते.

पायरी दुसरी: पेशी फिल्टरवर वाढवा

प्लास्टिकच्या तळावर वाढलेल्या पेशीला खालून काही मिळत नाही आणि तुम्हालाही तिच्या खालच्या बाजूला हात लावता येत नाही. म्हणून छिद्रांचं फिल्टर असलेली वाटी. आम्ही १२ मिलिमीटर व्यासाची, ०.४ मायक्रोमीटर छिद्रांची वापरतो, क्षेत्रफळ १.१२ चौरस सेंटिमीटर, वर अर्धा मिली माध्यम, खाली दीड मिली. प्रति चौरस सेंटिमीटर दोन-तीन लाख पेशी टाका, म्हणजे दुसऱ्या दिवशीच थर सलग होतो. सलग झाला म्हणजे ध्रुवीय झाला असं मात्र नाही. एमडीसीकेला चार-पाच दिवस द्या, काको-२ ला सुमारे २१. घाईत केलेल्या दुसऱ्या दिवसाच्या प्रयोगांत कितीतरी प्रथिनं उगाच "दोन्ही बाजूंना" सापडली आहेत.

माध्यम बदलताना आधी खालचं काढा, मग वरचं. भरताना आधी वरचं भरा. नाहीतर खालून दाब येतो आणि थर उचलला जातो. पिपेटचं टोक वाटीच्या भिंतीला टेकवून ठेवा, फिल्टरच्या रोखानं कधीही नको.

पायरी तिसरी: थर गळत नाही ना, हे तपासा

दोन पद्धती. एक फुकटची: वरची वाटी काठोकाठ भरून ठेवायची आणि सकाळी पातळी बघायची. उतरली असेल तर ती वाटी बाद. दुसरी विद्युतरोधाची. चॉपस्टिकसारख्या दोन टोकांचा इलेक्ट्रोड, लांब टोक खाली आणि आखूड वर. आलेल्या आकड्यातून रिकाम्या फिल्टरचा रोध वजा करा आणि क्षेत्रफळानं गुणा. भागू नका. ही चूक दरवर्षी होते, आणि एकक ओहम-चौरस सेंटिमीटर आहे हे लक्षात ठेवलं की होत नाही.

आकडा किती यावा? एमडीसीके प्रकार एक असेल तर हजाराच्या वर जातो, प्रकार दोन असेल तर शंभर-दोनशेच्या आसपास थांबतो. प्रकार दोनचा आकडा कमी म्हणून घाबरू नका. त्याच्या जंक्शनमध्ये क्लॉडिन-२ हे प्रथिन आहे, जे लहान धन आयनांना वाट देतं. आयन जातात म्हणून रोध कमी. प्रथिनं किंवा पुढे खूण म्हणून वापरायचं बायोटिन तिथून जात नाहीत. तुलना नेहमी तुमच्याच आधीच्या आठवड्यांच्या आकड्यांशी करा.

पायरी चौथी: एका वेळी एका बाजूला बायोटिन

आता प्रथिन कुठे आहे याचा खरा पुरावा. सल्फो-एनएचएस-बायोटिन भारित असल्यामुळे पेशीपटल ओलांडत नाही आणि प्रथिनांच्या उघड्या अमाइन गटांना चिकटतं. एका वाटीत ते फक्त वर घाला, जुळ्या वाटीत फक्त खाली. समोरच्या बाजूला नुसतं बफर. सगळं बर्फावर, म्हणजे प्रथिनं आत ओढली जाणं थांबतं. अर्धा मिलिग्रॅम प्रति मिली, ताजं विरघळवलेलं, २० मिनिटं, मग पुन्हा ताजं घालून २० मिनिटं. पावडर पाण्यात पडली की निकामी व्हायला लागते, म्हणून सगळी तयारी झाल्यावरच वजन करा. ट्रिस बफर चालणार नाही, त्यातच अमाइन गट असतो आणि बायोटिन त्यालाच चिकटून संपतं. शेवटी मात्र ग्लायसिन घालून उरलेलं बायोटिन मुद्दाम असंच संपवायचं.

इथे माझीच एक फजिती सांगते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझं प्रथिन सलग तीन वेळा अर्धं वर, अर्धं खाली आलं. मी आनंदात होते: अध्रुवीय प्रथिन, काहीतरी नवीन! चौथ्या वेळी एका वरिष्ठ ताईनं शेजारी उभं राहून माझी बाटली उचलली, लेबल वाचलं आणि विचारलं, "यात कॅल्शियम कुठंय?" मी साध्या फॉस्फेट बफरनं वाट्या निवांतपणे तीन-तीनदा धूत होते. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या कॅडहेरिनला कॅल्शियम लागतं. ते गेलं की जंक्शन सैल होतात, आणि वर घातलेलं बायोटिन कडेनं खाली उतरतं. तीन महिने मी गळका नळ मोजत होते. तेव्हापासून आमच्या बफरात ०.१ मिलिमोलर कॅल्शियम आणि १ मिलिमोलर मॅग्नेशियम असतं, आणि त्या बाटलीला लाल टेप लावलेली असते.

धुऊन झाल्यावर फिल्टर वाटीतून कापून काढा. पाठीमागून, स्काल्पेलनं कडेकडेनं गोल. पेशी डिटर्जंटमध्ये विरघळवा, स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या (बायोटिनला घट्ट धरणारं प्रथिन) मण्यांवर बायोटिन लागलेली प्रथिनं पकडा, मग जेल (प्रथिनं आकारानं वेगळी करायला) आणि ब्लॉट (हवं ते प्रतिपिंडानं ओळखायला). प्रत्येक ब्लॉटवर तीन साक्षीदार हवेतच. पोडोकॅलिक्सिन फक्त वरच्या नमुन्यात दिसलं पाहिजे, ई-कॅडहेरिन किंवा सोडियम-पोटॅशियम पंप फक्त खालच्यात, आणि ॲक्टिन, जे पेशीच्या आतच असतं, कशातच नाही. ॲक्टिन दिसलं तर पेशी मेलेल्या किंवा फाटलेल्या आहेत, बायोटिन आत शिरलं आहे. तिथे तो प्रयोग संपला; तुमच्या प्रथिनाची पट्टी कितीही सुंदर असो.

खालच्या बाजूला बायोटिन फिल्टरच्या छिद्रांतून जातं, त्यामुळे तिथलं लेबल थोडं कमी लागतं. टक्केवारी काढताना साक्षीदारांची टक्केवारीही शेजारी छापा, म्हणजे वाचणाऱ्याला तुमचं ९० म्हणजे किती ते समजेल.

पायरी पाचवी: वेळ पकडा

आता वाट. त्यासाठी सगळी प्रथिनं नकोत, एकाच वेळी तयार झालेली एक तुकडी हवी. जुनी पद्धत गंधक-३५ ची. पेशी मेथिओनिनशिवायच्या माध्यमात अर्धा तास उपाशी ठेवा, मग १५ ते २० मिनिटं किरणोत्सारी मेथिओनिन द्या आणि त्यानंतर भरपूर साधं मेथिओनिन. ध्रुवीय एमडीसीके मेथिओनिन खालच्या बाजूनं चांगलं घेतात, म्हणून पॅराफिल्मवर किरणोत्सारी माध्यमाचा छोटासा थेंब ठेवायचा आणि फिल्टर अलगद त्यावर बसवायचं. थेंब फिल्टरखाली पसरतो, ५० मायक्रोलिटरमध्ये काम भागतं आणि कचराही कमी होतो. मग ०, १५, ३०, ६०, १२० मिनिटांना एकेक जोडी बर्फावर आणून वरचं-खालचं बायोटिन. आधी तुमच्या प्रतिपिंडानं प्रथिन पकडा, मग त्यातलं बायोटिन लागलेलं वेगळं करा. किरणोत्सारी काम परवान्याच्या खोलीत, बॅज लावून; यात सूट नाही.

किरणोत्सार नको असेल तर तापमान आहे. व्हीएसव्हीच्या जी प्रथिनाचा एक उत्परिवर्ती प्रकार ४० अंशांना आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे जिथे ते तयार होतं तिथेच, अडकून राहतो आणि ३२ ला सुटतो. २० अंशांना बहुतेक प्रथिनं गॉल्जीच्या शेवटच्या थांब्याला येऊन साचतात. ३७ ला आणलं की एकदम निघतात. वाटेत नवी प्रथिनं तयार होऊ नयेत म्हणून सायक्लोहेक्सिमाइड घालायचं.

हल्ली रश नावाची पद्धत लोकप्रिय आहे: प्रथिनाला जालिकेत स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या आकड्यानं अडकवायचं आणि बायोटिन घालून सोडायचं. पद्धत देखणी आहे, पण पुढची पायरी पाहा. प्रथिन सोडायला तुम्ही बायोटिन घातलं, आणि पृष्ठभाग ओळखायलाही बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिनच वापरणार? दोन्ही एकमेकांच्या पायात येतात. रश वापरत असाल तर पृष्ठभागावरचं प्रथिन जिवंत पेशींना बर्फावर प्रतिपिंड देऊन ओळखा.

आलेख कसा वाचायचा? पहिल्या ठिपक्यापासून प्रथिन वरच वाढत गेलं, तर थेट वाट. आधी खाली चढलं, मग खालचं उतरताना वरचं चढलं, तर वळसा. दोन्हीकडे सारखं चढलं आणि नंतर एकीकडचं ओसरलं, तर धरून ठेवण्याची शंका घ्या. वळशाची शंका आली तर तिची स्वतंत्र खात्री करा. तुटू शकणारं, डायसल्फाइड दुव्याचं बायोटिन फक्त खाली लावा, ३७ अंशांवर ठेवा, मग वरच्या बाजूनं ग्लुटाथिओन देऊन पोचलेल्यांचं बायोटिन तोडा. जितकं बायोटिन गेलं, तितकं प्रथिन वर पोचलं. या प्रयोगाचा हमखास चालणारा नमुना म्हणजे पॉली-आयजी रिसेप्टर. तो खाली उतरतो, आयजीए प्रतिपिंडाला धरून पेशी ओलांडतो आणि वर कापला जातो. लाळेत आणि आईच्या दुधात प्रतिपिंडं येतात ती याच वाटेनं.

यकृत आणि चेतापेशी: इथे फिल्टर उपयोगी नाही

यकृताच्या पेशीची एपिकल बाजू म्हणजे दोन पेशींच्या मधली अरुंद पित्तनलिका. तिथे बाहेरून बायोटिन पोचत नाही. डब्ल्यूआयएफ-बी पेशी, म्हणजे उंदराच्या यकृत-अर्बुदाची आणि मानवी फायब्रोब्लास्टची संकरित पेशी, आठ-दहा दिवसांत छान नलिका करतात. माध्यमात प्रतिपिंड घाला. ते फक्त रक्ताच्या बाजूच्या प्रथिनाला चिकटू शकतं, कारण नलिका बंद असते. तासा-दोन तासांनी तेच प्रतिपिंड नलिकेत चमकलं, तर वळसा डोळ्यांनी दिसला. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत समाधान देणारा प्रयोग आहे.

चेतापेशीत वर-खाली नसतं. अक्षतंतू आणि वृक्षिका असतात. १९९० मध्ये डॉटी आणि सायमन्स यांनी तेच दोन विषाणू वापरून पाहिले: व्हीएसव्हीचं प्रथिन वृक्षिकांत गेलं, इन्फ्लुएंझाचं अक्षतंतूत. त्यावरून "अक्षतंतू म्हणजे एपिकल" अशी सोपी जोडी लावण्याचा मोह होतो. तो आवरा, सगळी प्रथिनं ही जोडी पाळत नाहीत. मोजताना एमएपी-२ नं वृक्षिका ओळखा, अँकिरिन-जी नं अक्षतंतूचा सुरुवातीचा भाग. वृक्षिका जाड असतात म्हणून तिथे सगळंच जास्त चमकतं. सोबत विरघळलेलं साधं चमकणारं प्रथिन घालून त्यानं भागा.

पायरी सहावी: पत्ता कुठे लिहिलाय?

बेसोलॅटरल पत्ता बहुधा पेशीद्रव्यातल्या शेपटीत असतो: टायरोसिनभोवतीचा छोटा क्रम किंवा ल्युसिनची जोडी. म्हणून जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन आंधळेपणानं शेपटीच्या टोकाला चिकटवू नका. पत्त्यावरच स्टिकर लावल्यासारखं होतं. एपिकल पत्ते पसरट असतात: जीपीआय नांगर, पटलातला भाग, बाहेरच्या बाजूच्या शर्करा-साखळ्या. एमडीसीकेमधून एरवी दोन्ही बाजूंना सुटणाऱ्या वाढीच्या हार्मोनला एन-शर्करा जोडल्या तर ते वर जायला लागतं, हे १९९५ मध्ये दाखवलं गेलं. आणि प्रथिन माफकच बनवा. यंत्रणेच्या क्षमतेपेक्षा जास्त माल आला की तो कुठल्याही दारातून बाहेर पडतो.

पत्ता वाचणारा कोण, हे तपासायला एलएलसी-पीके१ या डुकराच्या मूत्रपिंडाच्या पेशी घ्या. त्यांच्यात एपी-१बी या वर्गवारी करणाऱ्या प्रथिन-संकुलाचा एक घटक नाही. एलडीएल (रक्तातले कोलेस्टेरॉल वाहणारे कण) आणि ट्रान्स्फेरिन (लोह वाहणारं प्रथिन) यांचे रिसेप्टर तिथे वर भरकटतात. १९९९ मध्ये फोल्श, ओहनो, मेलमन आणि सहकाऱ्यांनी तो घटक परत दिला आणि दोघंही खाली गेले. तुमचं प्रथिनही तसंच वागलं, तर वाचणारा सापडला. यकृतात मात्र एपी-१बी मुळातच नाही, तरी एलडीएल रिसेप्टर तिथे रक्ताच्याच बाजूला जातो. त्याच्या शेपटीतल्या एका ग्लायसिनच्या जागी ॲस्पार्टेट आलेलं, कुटुंबात चालत येणाऱ्या अति-कोलेस्टेरॉलच्या आजाराचं फिनलंडमधलं एक उत्परिवर्तन आहे, एफएच-टुर्कू. २००१ मध्ये कोइविस्टो, हबर्ड आणि मेलमन यांनी दाखवलं की या बदलामुळे रिसेप्टर एमडीसीके आणि यकृत, दोन्हींत चुकीच्या बाजूला जातो. रक्तातलं एलडीएल उचलायचं, आणि तो उभा पित्ताकडे तोंड करून.

तुमच्या प्रथिनाच्या शेपटीत असा बदल करून पाहणार असाल, तर मूळ आणि बदललेलं प्रथिन दोन्ही एकाच दिवशी, एकाच पॅसेजच्या पेशींत, शेजारच्या वाट्यांत करा. आणि बफराची बाटली लाल टेपचीच घ्या.